रेघमावशीचा गोळा

नकाशे विभागात तिला सगळे रेघमावशी म्हणत. हे नाव पडलं कागदाच्या काळात. तेव्हा ती पट्टी न लावता शाईच्या पेनानं अशी रेघ ओढायची की बघणाऱ्याला वाटे, कुणी दोरा ताणून धरलाय. पुढे कागद गेला, कंप्युटर आला, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. काम तेच होतं. शहराच्या जमिनीखालून जाणाऱ्या पाण्याच्या नळांचे जुने नकाशे पडद्यावर घ्यायचे आणि त्यांच्यावरून माउसनं नवी रेघ ओढायची. नळ कुठं वळतो, झडप कुठं आहे, दुसरा नळ त्याला कुठं ओलांडतो, हे सगळं त्या रेघेत यायला हवं. रस्ता खणणारी माणसं तिच्याच भरवशावर खणतात. रेघ हातभर सरकली तरी खाली काय होईल सांगता येत नाही.

सव्वीस वर्षं तिनं हे काम केलं होतं, आणि आता एक्कावन्नाव्या वर्षी तिचा उजवा हात तिला दगा द्यायला लागला होता.

सुरुवात मुंग्यांनी झाली. सकाळी उठलं की अंगठा आणि शेजारची दोन बोटं परक्याची असल्यासारखी वाटायची. मग दुपारी माउस धरला की मनगटातून दुखण्याची एक तार कोपरापर्यंत जायची. एकदा कपाट उघडताना किल्ली हातातून निसटली. ती खाली पडल्याचा आवाज आला तेव्हाच तिला कळलं की किल्ली हातात नाही. त्या दिवशी तिच्या पोटात जो गोळा आला, तो काही उतरेना.

ऑफिसात तिनं कुणाला काही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. सांगितलं तर काय होतं ते तिनं पाहिलं होतं. तिच्या पुढच्या टेबलावर पूर्वी एक काका बसत. त्यांचे डोळे अधू झाले आणि वरिष्ठांनी अगदी प्रेमानं त्यांची बदली तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत केली. चार वर्षं काका तिथं फायलींवर शिक्के मारत बसले. त्यांच्याशी कुणी वाईट वागलं नाही. फक्त हळूहळू त्यांच्याकडे कुणी जाईनासं झालं. निरोप समारंभाच्या दिवशी निम्म्या लोकांना त्यांचं आडनाव आठवत नव्हतं.

घरी मात्र लपवणं जमलं नाही. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायचा. केसाएवढा चरा शोधायची सवय असलेला माणूस, बायकोचा हात त्याच्या नजरेतून कसा सुटणार?

"तू बरणीचं झाकण डाव्या हातानं का उघडतेस गं?" त्यानं विचारलं.

"असंच."

"आठवडाभर असंच?"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दुसऱ्या दिवशी त्यानं तिला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी मनगट वाकवून पाहिलं, बोटांनी टकटक केली, आणि म्हणाल्या, "नस दाबली जातेय. वर्षानुवर्षं मनगट वाकडं ठेवून माउस ढकलताय ना, त्याचा हा परिणाम. दोन-तीन महिने हाताला विश्रांती द्या."

रेघमावशी हसली. ते हसू ऐकून डॉक्टरीणबाईंनी मान वर केली.

"बरं, नाही जमणार. मग निदान तो माउस बदला. गोळ्याचा मिळतो. तो जागेवरच राहतो, तुम्ही बोटांनी वरचा गोळा फिरवायचा, की पडद्यावरचा बाण फिरतो. मनगट हलवावं लागत नाही. आणि हा पट्टा बांधून झोपा. सहा आठवड्यांनी या. तोवर फरक नाही पडला तर ऑपरेशनचं बोलू."

'ऑपरेशन' हा शब्द घेऊन ती घरी आली, आणि 'गोळ्याचा माउस' हे शब्द तिचा नवरा घेऊन आला. शनिवारी दोघं बाजारातल्या एका दुकानात गेली.

दुकानदारानं आधी जो काढला तो दिसायला नेहमीच्या माउससारखाच होता. फक्त डाव्या कुशीत एक गोळी बसवलेली, अंगठ्यानं फिरवायची. "सगळे हाच नेतात. दोन दिवसांत सवय होते," तो म्हणाला.

तिनं हात ठेवला. बरं वाटलं. ओळखीचं काहीतरी हाताखाली आल्यासारखं. ती घेते म्हणणार एवढ्यात नवरा म्हणाला, "दुखतंय काय तुझं?"

"अंगठा. आणि ही दोन बोटं."

"आणि दिवसभर फिरवायचं कशानं? अंगठ्यानंच. म्हणजे घरात जो आजारी, त्याच्याच डोक्यावर हंडा!"

दुकानदाराला हसू आलं. "काका, तुम्ही इथं कामाला या."

तिनं तरी पाच मिनिटं तो फिरवून पाहिला. अंगठ्याच्या बुडाशी कळ उठली. ठेवून दिला. दुसरा छोटा होता, गोळी मध्यभागी, पण त्याची बटणं इतकी ताठ की प्रत्येक क्लिकला बोट कुरकुरे. तिसरा दुकानदारानं मागच्या फळीवरून काढला, खोक्यावरची धूळ पुसत. बसका, रुंद, दोन्ही बाजूंनी सारखा. मध्ये लिंबाहून मोठा गुळगुळीत गोळा, चार कोपऱ्यांत चार बटणं.

"हा कुणी घेत नाही. जागा खातो," दुकानदार म्हणाला.

तिनं मधली तीन बोटं गोळ्यावर टेकवली. अंगठ्याला काही कामच नव्हतं, तो नुसता बाजूला पडून राहिला, आणि दुखऱ्या दोन बोटांचा भार तिसऱ्यानं वाटून घेतला. गोळा फिरवला तर पडद्यावरचा बाण तुरुतुरु निघाला. नवऱ्यानं खिशातलं भिंग डोळ्याला लावलं, गोळा बाहेर काढला आणि खालच्या वाटीत डोकावला. आत तीन बारीक चकचकीत ठिपके होते, त्यांच्यावरच गोळा तोलून बसायचा. "टेकू चांगले आहेत," तो म्हणाला. "पण अगं, यावर कचरा बसला की गोळा अडकणार. पुसत राहावं लागेल."

ते तिनं ऐकलं. ऐकलं, पण तेव्हा तिचं मन दुसरीकडेच होतं. या असल्या भोपळ्यानं मी रेघ कशी ओढणार, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं.

"तारेचा द्या," नवरा म्हणाला. "ऐन कामात बॅटरी गेली तर हिचा जीव जाईल."

रविवारी घरच्या जुन्या कंप्युटरवर मांडामांड सुरू झाली. पहिला तास म्हणजे नुसता गोंधळ. बाण पाखरासारखा भुर्रकन कोपऱ्यात जायचा. तिनं मुलीला फोन लावला. मुलगी लांबच्या शहरात नोकरीला होती.

"आई, आधी वेग कमी कर. अर्ध्यावर आण."

"आणला. तरी हळू फिरवला की मुंगी, जोरात फिरवला की घोडा."

"म्हणजे वेग आपोआप वाढतोय. तिथं एक चौकोन असेल, अचूकपणा वाढवा असं काहीतरी लिहिलेलं. त्यातली खूण काढून टाक."

"अगं, मला अचूकपणाच तर हवाय!"

"नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, तसं आहे ते. काढ तू खूण."

तिनं काढली. आणि खरंच, गोळा जेवढा फिरला तेवढाच बाण सरकला, ना कमी ना जास्त. मग बटणं ठरवली. नेहमीची क्लिक अंगठ्याच्या वाट्याला येत होती, ती उजवीकडच्या बटणावर नेली, म्हणजे करंगळीशेजारचं निरोगी बोट ती करेल. वरच्या एका बटणाला दुसरं काम दिलं. एकदा दाबलं की क्लिक धरून ठेवलेली राहायची आणि पुन्हा दाबलं की सुटायची. लांब रेघ ओढताना बटण दाबून धरायची शिक्षाच संपली. नवरा मागे उभा राहून तिच्या कोपराकडे बघत होता. त्यानं खुर्ची दोन बोटं वर घेतली, मनगट वर उचललं जात होतं म्हणून त्याखाली घडी घातलेला टॉवेल सरकवला, आणि तो माउस चार इंच आत, अगदी कीबोर्डला खेटून ठेवला. "हात लांब गेला की खांदा ओढतो," तो म्हणाला. संध्याकाळपर्यंत तिनं घराच्या नकाशाची एक वाकडीतिकडी प्रत काढली. त्यात मोरी बैठकीच्या खोलीपेक्षा मोठी झाली होती.

सोमवारी ती अर्धा तास आधी ऑफिसात गेली. पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला माउस काढला आणि चोरून आणल्यासारखा टेबलावर ठेवला. शेजारच्या टेबलावर नकाशे तपासणारा बसायचा. त्याच्या नजरेतून खडा सुटत नाही म्हणून त्याला सगळे चाळणी म्हणत. तो आला, थबकला.

"मावशी, हे काय? अंडं उबवताय?"

"जुना बिघडला," ती म्हणाली.

"मग साहित्य विभागातून दुसरा मागायचा की."

"बघते वापरून."

त्यानं आणखी काही विचारलं नाही. पण दिवसभर तिला वाटत राहिलं की तो बघतोय. पूर्वी ती दिवसाला सात पानं पुरी करायची, त्या दिवशी तीन झाली. मंगळवारी तीन. बुधवारी चार. विभागप्रमुख मोठ्या बाई काचेच्या खोलीतून बाहेर आल्या की ती पडद्यावर उगाच काहीतरी सरकवत बसे. घरी जाताना तळघराच्या जिन्यावरून उतरणाऱ्या माणसाची चाहूल लागली तरी तिची पावलं भरभर दाराकडे वळायची.

दुसऱ्या आठवड्यात बोटांना युक्ती सापडली. दुखणं गेलं नाही, पण संध्याकाळी कोपरापर्यंत जाणारी तार आता मनगटातच थांबू लागली. पाच पानं, मग सहा. आणि तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी तिनं सात पानं केली. त्या दिवशी नवऱ्याला फोन करून ती म्हणाली, "जमलं बहुतेक."

तो शब्द तोंडातून जायचाच अवकाश होता.

त्याच आठवड्यात चाळणी दोन दिवस रजेवर होता आणि एका चौकात नवा नळ टाकायचं काम घाईचं निघालं. मोठ्या बाई म्हणाल्या, "मावशी, तुमचं काम तपासायची गरज नसते. तुम्हीच सही करून पाठवा." तिनं दुपारभर ते पान केलं. मध्येच दोनदा गोळा जड झाल्यासारखा वाटला. तिनं जरा जोर लावला, तो सुटला, ती पुढे गेली. सही केली. नकाशा छापून चौकात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळा पुन्हा अडला. तिला नवऱ्याचं बोलणं आठवलं. तिनं माउस उलटा केला, मागच्या भोकातून पेन्सिलीच्या बुडानं गोळा बाहेर ढकलला. वाटीतल्या तिन्ही टेकूंवर राखाडी मळाच्या चकत्या बसल्या होत्या, टॉवेलाच्या तंतूंनी घट्ट वळलेल्या. तिनं नखानं त्या काढल्या. आणि काढता काढता तिचा हात थांबला.

म्हणजे काल गोळा अडत होता. अडून मग एकदम सुटत होता. सुटला तेव्हा बाण कुठं गेला होता?

तिनं कालचं पान उघडलं. चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. चौकाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात जुन्या नकाशावरचा मोठा नळ सावकाश वळत होता. तिच्या रेघेनं त्या वळणावर एक उडी मारली होती आणि मग ती इमानेइतबारे चुकीच्या जागेवरून पुढे गेली होती. तिनं मोजलं. दीड मीटर.

घड्याळात साडेदहा वाजले होते. खणायला सुरुवात दहाला होती.

त्यानंतरच्या पाच-सहा मिनिटांची लाज तिला आयुष्यभर पुरेल. कारण तिच्या मनात आलेला पहिला विचार नळाचा नव्हता. तो होता की फाइल गुपचूप दुरुस्त करावी. रेघ सरळ केली की झालं, छापलेल्या कागदाचं खापर छापखान्यावर फुटेल, कुणाला काय कळणार? तिनं बाण रेघेवर नेलाही. मग तिला चौकातली माणसं दिसायला लागली, त्यांच्या पायाखालचा तो भरलेला नळ, त्यातल्या पाण्याचा दाब. तिनं बोट उचललं.

चौकात खणणाऱ्यांच्या मुकादमाला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. यंत्राच्या आवाजात त्याला ऐकू येत नसणार. ती उठली आणि काचेच्या खोलीत न विचारता शिरली.

"बाई, चौकातला नकाशा चुकलाय. माझ्याकडून. पूर्वेचा कोपरा. दीड मीटर."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "तुमच्याकडून?"

"माझा हात गेले तीन महिने चालत नाही. मी गोळ्याचा माउस वापरते. तो अडकत होता, माझ्या लक्षात आलं नाही." सगळं एका श्वासात. इतके दिवस दाबून ठेवलेलं भांडं लवंडलं होतं.

बाईंनी फोन उचलला आणि पंपघराला सांगितलं, "पूर्वेच्या नळाचा दाब उतरवा. आत्ता." मग रेघमावशीकडे वळल्या. "मी मुकादमाला लावत राहते. चौक जवळ आहे. तुम्ही निघा."

ती निघाली ती जवळजवळ पळतच. सव्वीस वर्षांत ती कधी खणायच्या जागेवर गेली नव्हती, नळ तिला फक्त निळ्या रेघा म्हणून ठाऊक होते. चौकात यंत्राचा पंजा वर-खाली होत होता. पूर्वेच्या कोपऱ्यापासून तो फार तर चार पावलांवर होता. तिनं दोन्ही हात वर केले आणि ओरडली. कुणी ऐकलं नाही. ती दोरी ओलांडून आत गेली.

"ओ मावशी! बाजूला व्हा! मरायचंय का?" मुकादम धावला.

"थांबवा! मी नकाशेवाली आहे! नळ तिथं नाही, इथं आहे!" तिनं पायानं जमिनीवर रेघ ओढली. वाकडी आली, पण जागा बरोबर होती.

मुकादमानं हात वर केला. यंत्र थांबलं. एवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. मोठ्या बाईंचा होता. तो ऐकत राहिला, तिच्याकडे बघत. मग त्यानं दोन माणसांना फावडी घेऊन तिनं ओढलेल्या रेघेवर हातानं खणायला लावलं. वीस मिनिटं ती दोघं खणत होती. कंबरेइतकं खाली गेल्यावर फावड्याला 'ठण्ण' आवाज आला. माती बाजूला सारली, तर काळा, घागरीएवढ्या घेराचा नळ.

मुकादम तिथं उकिडवा बसला. त्यानं नळावर तळहात ठेवला आणि काढला. "यंत्रानं लागला असता," एवढंच तो म्हणाला. मग तिच्याकडे वळून, "पाणी प्या मावशी. पळत आलात तुम्ही."

तिला वाटलं होतं, सांगून टाकलं की सुटले. पण खरी परीक्षा पुढेच होती. मोठ्या बाईंनी हुकूम काढला. गेल्या तीन आठवड्यांतलं तिचं प्रत्येक पान चाळणीनं पुन्हा तपासायचं. सत्तरएक पानं होती. पाच दिवस तो शेजारच्या टेबलावर एकेक पान मोठं करून बघत होता आणि ती आपल्या टेबलावर बसून त्याच्या क्लिक मोजत होती. एखाद्या पानावर तो जास्त वेळ थांबला की ती तेच पान आपल्या पडद्यावर उघडून बघे. अंड्याचा विनोद त्यानं पुन्हा केला नाही, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटायची.

शुक्रवारी तो तिच्या टेबलाशी आला. "आणखी दोन जागा सापडल्या. दोन्ही बोटभर. खणण्यात काही फरक पडला नसता." मग आवाज उतरवून, "मावशी, हाताचं मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुला? तू चाळणी आहेस."

"चाळणीलाही खांदा असतो," तो म्हणाला आणि आपला उजवा खांदा चोळला. "वर्ष झालं, हात डोक्याच्या वर जात नाही. सदरा घालताना बायको लागते."

मग रेघमावशीला इतकं हसू आलं, की पाच दिवसांचं रडू त्यातूनच बाहेर पडलं.

सोमवारी मोठ्या बाईंनी बोलावलं. तिच्या नावे लेखी ताकीद झाली. ती कागदावर राहणार होती, बाईंनी ते लपवलं नाही. यापुढे तिचं एकही पान दुसऱ्याच्या सहीशिवाय बाहेर जाणार नव्हतं. "आणि कुणाचंच जाणार नाही," बाई म्हणाल्या. "तपासायची गरज नाही असं मी म्हटलं, ती माझीही चूक." दिवसाला सातऐवजी पाच पानं ठरली. माउस राहिला. तळघराचा विषय निघाला नाही. निघेल म्हणून ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, शेवटी तिनंच विचारलं, "मग माझी बदली?"

"कुठं?" बाईंनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

हात अजून पुरता बरा नाही. सहा आठवड्यांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडा फरक आहे, थोडा पुरत नाही. पुढच्या महिन्याची तारीख ठरली आहे, छोटंसं ऑपरेशन, त्याच दिवशी घरी. दरम्यान ती डाव्या हातानं गोळा फिरवायला शिकतेय, दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे ते जमतं. टॉवेल गेला, त्याजागी नवऱ्यानं दुकानातल्या रबराचा तुकडा कापून दिला. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी ती गोळा काढून तिन्ही टेकू पुसते.

धास्ती गेली नाही. पूर्वी ती पान पाठवून विसरून जायची. आता पाठवल्यावर तासभर तिला चैन पडत नाही. कुठं रस्ता खणलेला दिसला की बसमधून मान वळवून ती मागे बघत राहते. परवा नवऱ्यानं विचारलं, "अशी किती दिवस घाबरत राहणार तू?"

"निवृत्त होईपर्यंत," ती म्हणाली, आणि डाव्या हातानं त्याच्यासमोरचं ताट उचलून मोरीकडे निघाली.